वाचनालयाची साईट नेटवर चढवताना केलेल्या नोंदी

२० जुलै २०२५, रविवार

साईट झाली. म्हणजे माझ्या लॅपटॉपवर झाली. मुखपृष्ठ, वेळा आणि वर्गणी, वाचनालयाचा इतिहास, फोटो आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे साडेनऊ हजार पुस्तकांची यादी, जिच्यात शोधता येतं. दिवाळीपासून शनिवार रविवार यातच गेले. पण खरं काम माझं नाही, ताईंचं आहे (ग्रंथपाल, गावात सगळे ताईच म्हणतात). दुपारी वाचनालय बंद असतं त्या वेळात बसून त्यांनी दोन वर्षं दाखल रजिस्टरं एकेक ओळ करत शीटमध्ये भरली, दाखल क्रमांक, नाव, लेखक, प्रकाशक, वर्ष, कपाट. हे आधीच लिहून ठेवते.

आता नेटवर चढवायची. आणि या वेळी प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची असं ठरवलंय कारण मागच्या वेळचं माहितीये. काही वर्षांपूर्वी वाचनालयाची एक साईट होती, कोणीतरी हौसेने करून दिली, चांगली होती, लेटरहेडवर पत्ता छापला, पावती पुस्तकावर छापला. साईटचं नाव, म्हणजे तो पत्ता, मात्र करून देणाऱ्याच्या नावावर, पासवर्ड त्याच्याकडे, तो परदेशात गेला, नाव रिन्यू करायचं राहिलं आणि कोणा तिसऱ्याने ते उचललं. आता तो पत्ता उघडला की रमीच्या जाहिराती येतात. कार्यवाह काकांनी उरलेल्या प्रत्येक लेटरहेडवर तो पत्ता पेनने खोडलाय, मी तो गठ्ठा बघितलाय मे महिन्यात आणि तेव्हाच म्हटलं की हे पुन्हा होऊ द्यायचं नाही.

तारीख ठरलीय १२ ऑगस्ट. भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस (१८९२ चा), राष्ट्रीय ग्रंथपाल दिन. ताई म्हणाल्या त्याच दिवशी उघडायची, दुसरा कुठला दिवस नको.

२२ जुलै, मंगळवार

कुठे ठेवायची यावर काकांशी तासभर बोलणं. त्यांचा प्रश्न रास्त होता, वाचनालयात नवा कॉम्प्युटर आलाय तर त्यावरच साईट ठेवली तर? भाडं नाही, आपलं आपल्याकडे. मी त्यांना सर्नची, म्हणजे वेब जिथे जन्मलं त्या युरोपातल्या संशोधन संस्थेची, गोष्ट सांगितली. टिम बर्नर्स-लीने पहिला वेब सर्व्हर (साईटची पानं पुरवणारा) चालवला तो त्याच्या टेबलावरच्या नेक्स्ट कंपनीच्या कॉम्प्युटरवर, आणि त्याच्यावर हाताने लिहून लेबल चिकटवलं होतं की हा सर्व्हर आहे, बंद करू नका. कारण कोणी बटण दाबलं की अख्खं वेबच बंद! काका हसले आणि म्हणाले मग आपलं लेबल एमएसईबीच्या खांबावर लावावं लागेल. कुडाळकडच्या पावसात दिवसातून चारदा लाईट जाते, तेव्हा तो विषय संपला.

आपली साईट साधी आहे, आत लॉगिन नाही, पैसे घेणं नाही, नुसती पानं आणि यादी, अशा साईटला गिटहब पेजेस पुरतं, गिटहब या फायली ठेवायच्या सेवेची साईट दाखवायची सोय. फुकट आहे, एक जीबीपर्यंत साईट ठेवता येते, महिन्याला १०० जीबीपर्यंत रहदारी चालते, आपल्याला त्याचा शंभरावा भागही लागणार नाही. एकच अट, फुकटात हवं तर रेपो (तिथला आपल्या फायलींचा साठा) पब्लिक ठेवावा लागतो, म्हणजे साईटच्या मागच्या सगळ्या फायली कोणालाही बघता येतात. मला त्यात काही वावगं वाटलं नाही, वाचनालयाची यादीच तर आहे.

अकाउंट वाचनालयाच्या ईमेलवर काढलं, माझ्या नाही. मला फक्त काम करायची परवानगी.

२४ जुलै, गुरुवार

आज जे सापडलं त्याने हात थंड पडले.

रेपो अजून प्रायव्हेट होता, तो पब्लिक करायच्या आधी सगळ्या फायली एकदा उघडून बघू म्हटलं. ताईंच्या शीटमधून उतरवलेली यादीची फाईल. साईटवर मी त्यातले सात रकाने दाखवते. फाईलमध्ये अकरा आहेत. शेवटचे चार, सध्या कोणाकडे, सभासद क्रमांक, मोबाईल, परतीची तारीख. ताई देवघेवीची नोंदही त्याच शीटमध्ये ठेवतात, त्यांच्या सोयीने बरोबरच आहे. पण ती फाईल जशीच्या तशी नेटवर गेली असती तर गावातल्या दीड-दोनशे लोकांची नावं, नंबर आणि कोण काय वाचतंय हे सगळं जगासमोर. गावात एखाद्या बाईने कुठलं पुस्तक नेलं हे तिच्या सासरच्यांनाही कळायचं कारण नाही. पानावर दिसत नव्हतं म्हणून मला वाटलं नाहीच्चे. पानावर न दिसणं आणि फाईलमध्ये नसणं यात जमीन-अस्मानाचा फरक आहे.

नुसते रकाने पुसून भागत नाही कारण गिट (गिटहबच्या मागचं, बदलांची नोंद ठेवणारं सॉफ्टवेअर) जुनी प्रत इतिहासात ठेवतं, मागे जाऊन कोणीही काढू शकतं. म्हणून तो रेपोच डिलीट केला. नवीन रेपो, नवीन इतिहास, पहिल्या नोंदीपासून स्वच्छ फाईल. ताईंना फोन करून शीटचे दोन भाग केले, पुस्तकांची यादी एक शीट, देवघेव दुसरी, दुसरीचा दरवाजा फक्त त्यांच्याकडे. डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ साली झालाच आहे, पण कायदा नसता तरी हेच करायला हवं होतं.

फोटोही तपासले. मोबाईलच्या फोटोत जागेचे अक्षांश रेखांश लपलेले असतात, वाचनालयाच्या फोटोत त्याने काही बिघडत नाही पण दोन फोटो सभासदांच्या घरी काढलेले होते. सगळ्यांमधून ती माहिती काढून टाकली. बालवाचकांच्या फोटोंसाठी आईवडिलांना विचारणार, तोवर ते बाजूला.

२६ जुलै, शनिवार

पहिल्यांदा चढवली. तात्पुरत्या पत्त्यावर, गिटहब स्वतःच देतं त्या. गुगलने अर्धवट साईट उचलू नये म्हणून प्रत्येक पानाच्या डोक्यावर नोइंडेक्सची ओळ घातली.

उघडली तर पांढऱ्या पानावर काळी अक्षरं, रंग नाही, फॉन्ट नाही, फोटो नाहीत. लॅपटॉपवर सगळं झकास होतं. कारण दोन निघाले. एक, मी फायलींकडे जाणारे सगळे रस्ते तिरक्या रेघेने (/) सुरू केले होते, म्हणजे घराच्या उंबरठ्यापासून. पण तात्पुरत्या पत्त्यावर साईट एका खणाच्या आत बसते, तिथे उंबरठा आपला नसतो, गिटहब अकाउंटचा असतो, त्यामुळे ब्राउझर भलत्याच जागी सीएसएस (रंगरूपाची फाईल) शोधत बसला. दोन, फॉन्टच्या फोल्डरचं नाव मी अंडरस्कोरने सुरू केलं होतं आणि गिटहब पेजेस मागे जेकिल नावाचं पानं बांधणारं सॉफ्टवेअर चालवतं, जेकिल अंडरस्कोरवाले फोल्डर गाळतं. नोजेकिल नावाची रिकामी फाईल टाकली, तिच्या नावाच्या आधी टिंब लागतं, आणि रस्ते सुधारले. जेवायच्या आत रंग आले.

फॉन्ट टिरो देवनागरी मराठी घेतलाय. हिंदीसाठी वेगळा, मराठीसाठी वेगळा असे करून दिलेत फॉन्ट करणाऱ्यांनी, आपला ल आणि आपला श जसा शाळेत गिरवला तसा त्यात मिळतो. हिंदी वळणाचा ल मराठी वाचनालयाच्या पाटीवर मला चालला नसता.

२७ जुलै, रविवार

अर्धे फोटो दिसत नाहीत. लॅपटॉपवर दिसतात. विंडोज फाईलच्या नावातलं मोठं अक्षर लहान अक्षर एकच मानतं, तिकडचा सर्व्हर लिनक्सवर, तो मानत नाही. कॅमेऱ्याने जेपीजी कॅपिटलमध्ये लिहिलं, मी पानात स्मॉलमध्ये. नावं बदलली तरी गिटला बदल दिसेना कारण विंडोजवर तेही दोन्ही एकच समजत होतं, गिटलाच सांगून नाव बदलावं लागलं. ४३ फोटो. सगळी नावं आता लहान अक्षरात, मधे जागा नाही.

फोटो एकेक पाच-सहा एमबीचे होते ते १२०० पिक्सेल रुंदीचे करून वेबपी या हलक्या प्रकारात बदलले, आता कुठलाही १५० केबीच्या वर नाही.

हस्तलिखित अंकांचे स्कॅन टाकायचे होते, काकांची फार इच्छा. ते या वेळी नाही. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षं हक्क राहतात, म्हणजे १९६४ पर्यंत वारलेल्यांचं लिखाण आत्ता मोकळं आहे, आणि आपल्या हस्तलिखितांत लिहिणारे बरेच लोक नंतरचे, काहींची मुलं गावातच आहेत. त्यांना विचारून, सही घेऊन, एकेक अंक करू. घाईने टाकायची गोष्ट नाही ती.

३० जुलै, बुधवार

कार्यकारिणीची सभा, मी फोनवरून. विषय क्रमांक ३ संकेतस्थळाचे नाव.

नावावर पाऊण तास. मला मनापासून डॉट भारत हवं होतं. २०१४ पासून देवनागरीत पत्ता घेता येतो, गावाचं नाव मराठीत टाईप केलं की वाचनालय उघडतं यासारखं सुख नाही. पण खरं बघितलं तर आतमध्ये त्या नावाचं एक्सएन ने सुरू होणारं रोमन रूप असतं, काही ठिकाणी लिंक कॉपी केली की तेच अगम्य रूप चिकटतं, आणि त्या नावाचा ईमेल सगळीकडे जाईलच असं नाही. शिवाय दोन नावं घेतली की दर वेळी दोन रिन्यूअल. मागचा अनुभव बघता जेवढी कमी टोकं सुटी राहतील तेवढं बरं. डॉट इन वर एकमत झालं. मला वाईट वाटलं पण निर्णय बरोबर आहे.

नाव लहान, फोनवर सांगता येईल असं, आणि मधे डॅश नाही. जुन्या नावाशी साम्य नको असं काकांनी आवर्जून सांगितलं, लोक चुकून तिकडे जातील.

ठराव मी सुचवला तसाच्या तसा इतिवृत्तात घेतला, इथे उतरवून ठेवते. "संकेतस्थळाचे नाव वाचनालयाच्या नावे नोंदवावे. त्याचा ताबा, पासवर्ड व नोंदणीचा ईमेल वाचनालयाच्या मालकीचे राहतील. कार्यकारिणी बदलल्यास ते दफ्तरासोबत नव्या कार्यवाहांकडे सुपूर्द करावेत." सूचक, अनुमोदक, सर्वानुमते. ईमेल पासवर्ड दफ्तराच्या यादीत आले, शिक्के आणि चेकबुकाच्या शेजारी. माझ्या दृष्टीने साईट आज झाली.

पाच वर्षांची फी एकदम भरायची हेही मंजूर. पहिल्या वर्षाचा भाव आणि रिन्यूअलचा भाव वेगळा असतो, जाहिरातीत पहिलाच मोठा छापतात, म्हणून दोन्ही विचारून एकूण रक्कम सभेपुढे ठेवली होती.

२ ऑगस्ट, शनिवार

नाव घेतलं. नोंदणीदार म्हणून वाचनालयाचं नाव, पत्ता वाचनालयाचा, मोबाईल वाचनालयातला तो बटणांचा फोन ज्यावरून ताई पुस्तक परत करा म्हणून फोन करतात. ओळखीची कागदपत्रं मागितली तीही दिली. ओटीपी येईल तेव्हा ताई फोनवर मला वाचून दाखवत होत्या, तीन ओटीपी आले.

मग डीएनएस. नाव आणि जागा यांची गाठ इथे बांधायची. नावाला गिटहबचे चार ए रेकॉर्ड (नाव कुठल्या आकडी पत्त्यावर न्यायचं ते सांगणाऱ्या ओळी) दिले, १८५.१९९.१०८.१५३ पासून १११.१५३ पर्यंत, म्हणजे फक्त तिसरा आकडा १०८, १०९, ११०, १११ असा बदलतो. चार कशाला, तर एक बंद पडला तर दुसरा. डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू लावून येणाऱ्यांसाठी सीनेम, म्हणजे एका नावावरून दुसऱ्या नावाकडे वळवणारी ओळ. गिटहबच्या सेटिंगमध्ये आपलं नाव लिहिलं. डीएनएस पसरायला २४ तासांपर्यंत लागू शकतात म्हणून झोपले.

३ ऑगस्ट, रविवार

सकाळी माझ्या फोनवर साईट उघडली, स्वतःच्या नावाने. डोंबिवलीच्या या खोलीत मी एकटीने टाळ्या वाजवल्या.

दहा वाजता काकांचा फोन. "तुझी साईट उघडना नाय गो. परत जाहिराती येतत." आवाज असा पडलेला की मला काही सुचेना. त्यांना वाटलं पुन्हा तेच झालं, एका रात्रीत कोणीतरी नाव उचललं.

नाव उचललेलं नव्हतं. शोधायला दुपार झाली, लिहून ठेवते म्हणजे पुढच्याला लागणार नाही. नाव विकत घेतलं की विकणारी कंपनी त्याला आपलं एक कोरं पान जोडून ठेवते, नाव राखीव आहे असं सांगणारं, आणि त्यावर जाहिराती असतात. त्या पानाचा ए रेकॉर्ड तिथे आधीपासून होता. मी चार नवे घातले, जुना काढलाच नाही. पाच झाले. मग येणाऱ्याला पाचातला कुठलाही मिळतो, माझ्या नशिबी गिटहबचा आला, काकांच्या नशिबी जाहिरातींचा. एनएसलुकअप (नावाचे आकडी पत्ते दाखवणारी कमांड) चालवल्यावर पाच ओळी दिसल्या तेव्हा लक्षात आलं. आधी आकडे मोजायला हवे होते.

पाचवा काढला. पण त्याची टीटीएल (पत्ता लक्षात ठेवायची मुदत) १४४०० होती, सेकंदात, म्हणजे चार तास. ज्याने ज्याने तो पत्ता एकदा विचारून घेतलाय त्याचं नेटवर्क चार तास तोच धरून बसू शकतं, माझ्या हातात काही नाही. काकांना सांगितलं संध्याकाळी चहा झाल्यावर बघा, आत्ता पुन्हा पुन्हा उघडू नका. साडेपाचला मेसेज आला, एकच शब्द, "गावला".

नंतर त्यांना फोनवर नीट समजावलं की नाव म्हणजे सातबारा आणि साईट म्हणजे घर, सातबारा आता वाचनालयाचा आहे, घर कुठे बांधलंय त्याची खूण फक्त चुकली होती. त्यांना ते लगेच पटलं.

५ ऑगस्ट, मंगळवार

कुलूप आलं. रविवारपर्यंत पत्त्याच्या आधी नॉट सिक्युअर येत होतं, जोडणी सुरक्षित असल्याचं सर्टिफिकेट मिळत नव्हतं, तेही बहुधा त्या पाचव्या रेकॉर्डमुळेच कारण तो काढल्यावर, नाव एकदा सेटिंगमधून काढून परत घातल्यावर, काम पुढे सरकलं. सर्टिफिकेट लेट्स एन्क्रिप्टचं, फुकट, ९० दिवसांचं, गिटहब स्वतःच नवं करत राहतं. मग एचटीटीपीएस सक्तीचा टिकमार्क लावला. तो लावणं विसरू नये, नाहीतर जुन्या पद्धतीने टाईप करणारा बिनकुलुपाच्या दारानेच आत येतो.

८ ऑगस्ट, शुक्रवार, नारळी पौर्णिमा

व्हॉट्सॲपवर लिंक टाकली की खाली चित्र आणि नाव यायला हवं, गावात साईट पसरणार ती गुगलवरून नाही, ग्रुपवरूनच. ते चित्र आणि नाव सांगणारे ओजी टॅग पानात घातले, चित्राचा पत्ता पूर्ण लिहिला, चित्र हलकं केलं. आधी एकदा टाकलेली लिंक जुनंच कोरं रूप दाखवत राहते, शेवटी प्रश्नचिन्ह आणि व्ही बरोबर २ असं लावून पाठवली की नव्याने उचलते. रात्रीच्या गाडीची तयारी.

१० ऑगस्ट, रविवार

तुतारी एक्स्प्रेसने कुडाळला उतरून काल गावी आले. आज दिवसभर वाचनालयात, बाहेर धो धो. पंधरा-वीस वाचकांना स्वतःच्या फोनवर साईट उघडायला सांगितली आणि मी काही न बोलता बघत बसले. हे घरी बसून कधीच कळलं नसतं.

पहिलं म्हणजे वेळ. यादीची फाईल ३ एमबी. देवनागरीचं एकेक अक्षर, मात्रा, अनुस्वार यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं साठवायची पद्धत) ३ बाइट खातं त्यामुळे मराठी यादी इंग्रजीच्या तिप्पट फुगते. सर्व्हर ती दाबून पाठवतो, दाबल्यावर अर्ध्या एमबीच्या आत बसते, तरी इथे सिग्नलची एक काडी येते-जाते. लोक मुखपृष्ठावरच अडकत होते, ज्यांना फक्त वाचनालय कधी उघडं हे बघायचं होतं तेही. संध्याकाळी बदल केला, यादी आता शोधाच्या चौकटीत बोट ठेवल्यावरच उतरते, वेळ आणि वर्गणी लगेच दिसतात.

दुसरं शोधाचं, आणि हे मला फार लागलं. एका आजोबांनी वाऱ्या असा शब्द टाकला आणि यादी म्हणाली काही नाही. पुस्तक समोरच्या कपाटात मला दिसत होतं. झालं असं की हा चंद्रकोरीचा र दोन प्रकारे लिहिला जातो. एकात नुक्तावाला ऱ आणि हलन्त, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि मधे न दिसणारा एक जोडक. डोळ्याला दोन्ही एकच, कॉम्प्युटरला दोन वेगळे शब्द. ताईंच्या कीबोर्डने एक दिला, आजोबांच्या मोबाईलने दुसरा. ऱ्य आणि ऱ्ह मराठीत किती येतो, दुसऱ्या, वाऱ्या, कोऱ्हाळे, तऱ्हा, सगळ्या ठिकाणी हीच गत.

आणि एकदा खोलात शिरल्यावर जुन्या पुस्तकांचं आलं. वाचनालयातली कितीतरी पुस्तकं १९६२ च्या शुद्धलेखन नियमांच्या आधीची, त्यांच्या नावात कवि ऱ्हस्व आहे, नांव वर अनुस्वार आहे, कांहीं वर दोन. ताईंनी मुखपृष्ठावर जसं होतं तसंच उतरवलं, आणि तसंच उतरवायला हवं, ते पुस्तकाचं खरं नाव आहे. पण आजचा मुलगा काही टाईप करणार, कांहीं नाही. शाळेत शिकलेल्या शुद्धलेखनामुळे आजोबांच्या काळचं पुस्तक सापडू नये हे बरोबर नाही. रात्री बसून शोधाला शिकवलं की जुळवताना अनुस्वार सोडून दे, ऱ्हस्व दीर्घ एकच धर, दोन्ही र एक समज, इंग्रजी आकडे आणि मराठी आकडे एकच. दाखवताना मात्र ताईंनी लिहिलंय तसंच दाखव. थोडी जास्तीची नावं येतात निकालात, चालेल, नसलेलं दिसण्यापेक्षा जास्तीचं दिसलेलं बरं.

दीड वाजता लाईट गेली, फोनच्या हॉटस्पॉटवरून चढवलं.

१२ ऑगस्ट, मंगळवार

झालं. संध्याकाळी साडेपाचला, रंगनाथनांच्या फोटोला हार, बाजूला टेबलावर कॉम्प्युटर. बटण ताईंनी दाबलं. दाबायचं असं काही नव्हतंच, साईट आठवडाभर चालू आहे, पण मी मुखपृष्ठावरची लवकरच येत आहे ही पट्टी काढायची राखून ठेवली होती, ती त्यांनी काढली.

परवाचे आजोबा पुढे आले, वाऱ्या टाकलं, चार पुस्तकं आली, कपाट क्रमांकासह. त्यांनी उठून त्यातलं एक काढून आणलं आणि नोंद करून घरी नेलं.

ताई भाषणात रंगनाथनांच्या ग्रंथालयाच्या पाच नियमांतल्या पाचव्याबद्दल बोलल्या, ग्रंथालय ही वाढणारी संस्था आहे. मला खाली बसून एवढंच ऐकू आलं की यादीही वाढणार आणि ती वाढवायला मी इथे नसणार. अजून एक काम बाकी आहे.

१७ ऑगस्ट, रविवार

डोंबिवली. मुंबईतल्या मामेभावाने विचारलं गुगलवर का येत नाही, वाचनालयाचं पूर्ण नाव टाकलं तरी. पाच दिवस झाले, येत असेल हळूहळू म्हणून सोडणार होते. तरी गुगलच्या सर्च कन्सोलमध्ये (गुगलला साईट कशी दिसते ते तिथे कळतं) साईट जोडली (डीएनएसमध्ये एक टीएक्सटी रेकॉर्ड टाकून मालकी सिद्ध करावी लागते) आणि पान तपासलं तर स्पष्ट उत्तर, नोइंडेक्स टॅगमुळे वगळलंय. २६ जुलैला मीच घातलेली ओळ. वरच्या नोंदीत लिहिलेली आहे, वाचली असती तर कळलं असतं. सगळ्या पानांवरून काढली, साईटमॅप (सगळ्या पानांची यादी) दिला, पुन्हा बघा म्हणून विनंती पाठवली.

२२ ऑगस्ट, शुक्रवार

गुगलवर आलं. वाचनालयाचं नाव टाकल्यावर पहिलं आपलंच.

२४ ऑगस्ट, रविवार

बाकी राहिलेलं काम. नवी पुस्तकं ताईंनी शीटमध्ये भरली की साईटवर आपोआप यायला हवीत. गिटहबवर रोज रात्री ९ वाजता शीट वाचून साईट नवी करायचं वेळापत्रक लावलं होतं. नऊ वाजले, काही झालं नाही. सकाळी बघितलं तर अडीच वाजता झालेलं. तिकडचं घड्याळ यूटीसी या जागतिक वेळेवर, आपण साडेपाच तास पुढे. ते सुधारणं सोपं होतं.

पण वाचताना दुसरं कळलं, पब्लिक रेपोत ६० दिवस काही हालचाल झाली नाही तर वेळापत्रकावरची कामं गिटहब आपोआप थांबवतं. वाचनालयात पुस्तकं रोज येत नाहीत, अनुदान आलं की एकदम खरेदी होते, मधे तीन-चार महिने एकही नाही. म्हणजे बरोबर ज्या दिवशी दोनशे पुस्तकं येतील त्या दिवशी हे झोपलेलं असणार आणि मला फोन येणार. मी फोन उचलेन, पण नाही उचलू शकले तर? म्हणून वेळापत्रकच काढून टाकलं. आता एक बटण आहे. ताई शीट भरतात, बटण दाबतात, दोन मिनिटांनी हिरवी खूण येते. व्हिडिओ कॉलवर तीनदा करून दाखवलं, चौथ्यांदा त्यांनी कॉल ठेवून स्वतः केलं आणि हिरव्या खुणेचा फोटो पाठवला. अकरा पुस्तकं वाढली.

३१ ऑगस्ट, रविवार

गणपतीला गावी. आमचा पाच दिवसांचा, आज विसर्जन. सकाळी वाचनालयात जाऊन आले, चाकरमान्यांची गर्दी, दोघांनी साईटवर पुस्तक बघून ठेवलं होतं आणि थेट दाखल क्रमांकच घेऊन आले.

पाकीट तयार केलं. आत गिटहबचे १६ रिकव्हरी कोड (लॉगिन अडलं तर आत शिरायला), ईमेलचा आणि नाव घेतलं तिथला पासवर्ड, डीएनएसच्या सगळ्या ओळी हाताने लिहून, बटण कुठे आहे त्याची चित्रं, आणि या नोंदींची प्रिंट. काकांनी लाख लावून बंद केलं, वर वाचनालयाचा शिक्का, ताईंची सही आणि कार्यवाहांची. गोदरेजच्या कपाटात चेकबुकाच्या खणात.

मग काका म्हणाले तारीख कुठे लिहायची, २०३० चं कालनिर्णय काही मिळणार नाही. ताईंनी चालू दाखल रजिस्टर काढलं, शेवटून पहिलं पान उघडलं, जिथे त्या ऑडिट आणि अनुदानाच्या तारखा लिहितात, आणि त्यांच्या त्या गोल अक्षरात लिहिलं, २ ऑगस्ट २०३०, संकेतस्थळाचे नाव नूतनीकरण, एक महिना आधी. खाली दोनदा रेघ मारली.